ग्रँटचा तारा, मिझुरीचा २★४ आणि बाकीची मंडळी: जुन्या अमेरिकन स्मारक चांदीच्या नाण्यांमधल्या दुर्मिळ व्हरायटींचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण लांबलचक रिव्ह्यूत निकालासाठी खाली खाली स्क्रोल करायचा मलाही कंटाळा येतो. जुन्या अमेरिकन स्मारक हाफ डॉलरमधल्या ज्या व्हरायटी (एकाच नाण्याचे थोडी वेगळी खूण असलेले प्रकार) सगळेजण 'रेअर, रेअर' करत विकतात, त्यातली अलाबामा २×२ डोळे झाकून घ्या (म्हणजे नाणं बघून, पण विचार न करता), मिझुरी २★४ बजेट असेल तर घ्या, ग्रँटचा तारा फक्त आणि फक्त खात्रीच्या स्लॅबमधला (ग्रेडिंग कंपनीने तपासून सीलबंद केलेल्या डबीतला) घ्या, आणि बूनची छोट्या १९३४ वाली जोडी खिसा जड असेल तरच. खरी मजा हवी असेल तर यातलं काहीच नको, लाफायेत डॉलर घ्या आणि एक बरं भिंग घ्या. आता सविस्तर.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेने १८९२ ते १९५४ या काळात जी स्मारक नाणी काढली त्यांना तिकडे 'क्लासिक कमेमोरेटिव्ह' म्हणतात. चांदीमध्ये बहुतेक सगळे हाफ डॉलर, ९० टक्के चांदी, १२.५ ग्रॅम वजन, व्यास ३०.६ मिलीमीटर. त्यात पाव डॉलर एकच, १८९३ चा राणी इसाबेलाचा, आणि एक डॉलरचं नाणंही एकच, १९०० चा लाफायेत. प्रत्येक डिझाइनचं एक असा टाइप सेट करायचा तर ५० नाणी, आणि सगळी सालं, सगळे मिंटमार्क (कुठल्या टांकसाळीत पाडलं त्याची खूण), सगळ्या मान्य व्हरायटी घेऊन पूर्ण सेट करायचा तर १४४. ५० वाला सेट माणूस नोकरी सांभाळून करू शकतो. १४४ वाल्याच्या घरच्यांशी माझी सहानुभूती आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही नाणी पाडायची सरकारी टांकसाळ, पण विकायची कोण तर स्थानिक समिती. कुठल्यातरी राज्याची शताब्दी, कुठलं तरी प्रदर्शन, कुठला तरी पुतळा, त्याची समिती काँग्रेसकडून कायदा पास करून घ्यायची, मिंटकडून ५० सेंटला ५० सेंट देऊन नाणी उचलायची आणि लोकांना डॉलरला किंवा जास्तीला विकायची, वरचा पैसा समितीच्या कामाला. शिकागोच्या प्रदर्शनाचा कोलंबस हाफ डॉलर असाच एक डॉलरला विकला. तो इतका पाडला होता (१८९२ चे ९,५०,०००, १८९३ चे ४० लाखांच्या वर) की न खपलेले लाखो वितळवले आणि उरलेले बरेच साध्या चलनात घुसले, म्हणून आजही झिजलेला कोलंबस जवळपास चांदीच्याच भावात मिळतो. त्याच प्रदर्शनात महिला मंडळाने इसाबेलाचा पाव डॉलर काढला आणि तोही एक डॉलरलाच ठेवला, म्हणजे शेजारच्या टेबलावर हाफ डॉलर एक डॉलरला आणि इथे पाव डॉलरही एक डॉलरला. ४०,०२३ पाडले, १५ हजारांहून जास्त परत जाऊन वितळले. लोकांना हिशेब कळतो.

तर माल पडून राहायला लागल्यावर समित्यांच्या डोक्यात कल्पना आली की एकच नाणं एकाच गिऱ्हाइकाला दोनदा विकता आलं तर? आणि १९२१ मध्ये व्हरायटी नावाचा हा प्रकार जन्माला आला. म्हणजे ज्याला आज आपण 'दुर्मिळ व्हरायटी' म्हणून कौतुकाने भिंगाखाली धरतो तो कुणा कारागिराच्या हातून झालेला घोळ नाहीये, ती सरळ सरळ विक्रीची युक्ती आहे. मला स्वतःला त्यात काही वाईट वाटत नाही, पण विकत घेताना हे माहीत असावं, कारण मग तुम्ही 'नशिबाने वाचलेलं दुर्मिळ रत्न' असल्या वर्णनाला भुलत नाही. ही नाणी पाडली तेव्हाच मोजून पाच पाच हजार पाडली होती, दुर्मिळ व्हावीत म्हणूनच.

पहिला मान मिझुरीचा. राज्याला १०० वर्षं झाली म्हणून १९२१ चा हाफ डॉलर, रॉबर्ट एटकेनचं डिझाइन, पुढे सीमाभागातला प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून याचा टोपी घातलेला चेहरा, मागे बून आणि एक नेटिव्ह अमेरिकन उभे, खाली सेडालिया हे गावाचं नाव कारण प्रदर्शन तिथे होतं. मिझुरी हे २४ वं राज्य, म्हणून ५,००० नाण्यांवर चेहऱ्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत २★४ अशी खूण, बाकीच्यांवर काही नाही. गंमत अशी की मागच्या बाजूला आधीच २४ तारे आहेत! म्हणजे २४ हा आकडा सांगायचा होता तो सांगून झाला होता, पुढचा २★४ निव्वळ दुसरं नाणं खपवायला. खूण उठावाची नाही, नाण्यात आत दबलेली आहे, म्हणजे डायवर (नाण्यावर छाप उमटवणाऱ्या ठशावर) ती उठावाची होती आणि घासून काढता आली. खुणेची नाणी आधी पाडली, मग डायवरची खूण काढून साधी पाडली.

आता यातला खरा मुद्दा जो डीलर सांगत नाही. साधी ४५,०२८ पाडली होती पण त्यातली २९,६०० न खपता परत गेली आणि वितळली, उरली १५,४२८. म्हणजे खुणेची ५,००० आणि साधी १५ हजार, प्रमाण जेमतेम एकास तीन. त्यामुळे साधं मिझुरीच मुळात दुर्मिळ आहे आणि स्वच्छ, ओरखडे नसलेलं साधं मिझुरी शोधायला गेलात तर घाम निघतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. २★४ वालं एमएस ६३ मध्ये आहे (एमएस म्हणजे न वापरलेल्या नाण्याची ग्रेड, पट्टी ७० पर्यंत), दिव्याखाली फिरवलं की चकाकी अख्खी गोल फिरते, कडेला हलका सोनेरी रंग आलाय, पण मागच्या बाजूला उभ्या बूनचा खांदा आणि दंड सपाटच आहे, आणि हे झिजल्यामुळे नाही, छाप तिथे पुरता बसतच नाही. नवीन माणूस हे बघून 'वापरलेलं आहे' म्हणून नाकारतो. तसं करू नका, आधी खांद्याच्या सपाट जागेवर चकाकी आहे का ते बघा, चकाकी असेल तर छाप कमजोर, चकाकी मेलेली आणि राखाडी असेल तर झीज. हे एवढं एक शिकलात तरी या सिरीजमध्ये निम्मे पैसे वाचतात.

मिझुरीला पाचपैकी चार. एक कापला कारण डिझाइन फार दाटीवाटीचं आहे आणि भाव डोळ्यावर येतो.

अलाबामाला मात्र माझे पूर्ण मार्क. मिझुरीची नाणी जुलै १९२१ मध्ये पडली आणि ऑक्टोबरमध्ये अलाबामाने तीच आयडिया उचलली. २२ वं राज्य म्हणून २×२, मधला × म्हणजे गुणाकार नव्हे, तो सेंट अँड्र्यूचा क्रॉस, अलाबामाच्या झेंड्यावर लाल रंगात आहे तोच. (आणि हो, २२ तारे इथेही नाण्यावर आहेतच.) राज्याची शताब्दी खरं तर १९१९ मध्ये होऊन गेली होती, नाणं दोन वर्षं उशिरा आलं. डिझाइन लॉरा गार्डिन फ्रेझरचं, अमेरिकन नाण्याचं डिझाइन करणारी ती पहिली बाई. पुढे दोन गव्हर्नर, पहिला बिब आणि तेव्हाचा किल्बी, आणि किल्बी तेव्हा जिवंत होता, खुर्चीवर होता! जिवंत माणूस अमेरिकन नाण्यावर येण्याची ही पहिलीच वेळ. साहेबांना स्वतःच्या कारकिर्दीत स्वतःचं तोंड नाण्यावर बघायला मिळालं, राजकारण्यांची हौस सगळीकडे सारखीच. २×२ वाली नाणी २६ ऑक्टोबर १९२१ ला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग बर्मिंगहॅमला आले तेव्हा विक्रीला काढली, साधी नंतर डिसेंबरमध्ये पाडली.

आकडे बघा, २×२ वाली ६,००६ आणि साधी वितळवून उरलेली ५९ हजार. म्हणजे एकास दहा प्रमाण असूनही बाजारात २×२ साठी साध्याच्या दहापट काय, तिप्पटही मागत नाहीत. का? कारण दोन्ही प्रकार लोकांनी विकत घेऊन वापरले, खिशात ठेवले, चांगल्या अवस्थेतलं साधं नाणं मिळणंही कठीण, त्यामुळे वरच्या ग्रेडला दोघांच्या भावात फार अंतर राहत नाही. म्हणून माझं म्हणणं की सगळ्या व्हरायटींमध्ये पैसा वसूल होणारी हीच. मागच्या बाजूला गरुडाचे पाय बघायचे, तिथे छाप जवळजवळ नेहमी कमजोर असतो, ज्यात पंज्यांवरची रेघ न् रेघ दिसेल असं नाणं दिसलं तर ग्रेड एक पायरी खाली असला तरी तेच उचला. मी तेच केलं, एमएस ६४ आणि एमएस ६२ शेजारी शेजारी ठेवून ६२ घेतलं, डीलर माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होता.

आता ग्रँट. इथे जरा बसून वाचा.

१९२२, राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या जन्माला १०० वर्षं, परत लॉरा फ्रेझरच, मागे ओहायोतलं त्याचं जन्मघर, लाकडी, वर झाडांची गर्दी. सुंदर नाणं आहे, वाद नाही, साधं घेतलं तरी सुंदरच आहे. पण इथेही परत तीच युक्ती, काही नाण्यांवर ग्रँट या नावाच्या वर एक बारीकसा तारा ठोकलेला. मिझुरीला २४ चा बहाणा होता, अलाबामाला २२ चा, इथे तर बहाणाही नाही, ताऱ्याला काही अर्थच नाही! नुसता तारा. ५,००६ पाडली, ७५० वितळली, उरली ४,२५६. साधी उरली ६७,४०५. एकास सोळा. आणि इथे भावातलं अंतर खरंच मोठं आहे, ताऱ्यासाठी साध्याच्या कित्येक पट मोजावे लागतात.

मग व्हायचं तेच होतं. ताराही आत दबलेला आहे, म्हणजे साधं नाणं घ्यायचं, ताऱ्याच्या आकाराचा पंच ठेवायचा, हातोडा मारायचा, झालं दुर्मिळ नाणं तयार. उठावाची खूण वाढवायची तर धातू चिकटवायला लागतो, ते कठीण, पण खड्डा पाडायला काय लागतं? त्यामुळे या अख्ख्या सिरीजमध्ये सगळ्यात जास्त बनावटगिरी या एका बारक्या ताऱ्याची झालेली आहे, आणि आजची नाही, कित्येक दशकांची आहे, म्हणजे 'आजोबांच्या संग्रहातलं आहे' हे वाक्य इथे पुरावा म्हणून शून्य किमतीचं.

मला असंच एक बघायला मिळालं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे (नाव घेत नाही) स्लॅबबाहेरचं सुटं नाणं, फोटो धूसर, भाव बाजारापेक्षा कमी पण इतकाही कमी नाही की शंका यावी, हुशारीने ठेवलेला. परत करायची सोय होती म्हणून मागवलं, मला मुळात तपासायचंच होतं. आलं ते दहा पट भिंगाखाली धरलं. तारा दिसायला ठीकठाक, टोकं पाच, कडा जरा जास्तच धारदार. मग नाणं उलटवलं आणि ताऱ्याच्या बरोब्बर मागच्या जागेवर दिवा तिरका टाकला. तिथे झाडांच्या पानांवर एक छोटी सपाट टिकली, आजूबाजूचा पोत खडबडीत आणि तेवढी जागाच चेपलेली. पुढून ठोकलं की मागचा भाग खालच्या कठीण पृष्ठभागावर दबतो, दुसरं काय होणार. खऱ्या नाण्यात तारा डायनेच उमटतो, दोन्ही बाजू एकाच दाबात, म्हणून मागे असा चपटा डाग येत नाही. शिवाय ताऱ्याच्या बऱ्याच खऱ्या नाण्यांवर ग्रँटच्या हनुवटीपाशी दोन डाय एकमेकांवर आपटल्याच्या खुणा असतात, त्या या नाण्यावर अजिबात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी परत पाठवलं, पैसे आले, पण विक्रेत्याने ते 'आवडलं नाही म्हणून परत' या कारणाखाली टाकलं आणि मी पाठवलेल्या मागच्या बाजूच्या फोटोवर चकार शब्द नाही. काही दिवसांनी तेच नाणं परत विक्रीला, तोच धूसर फोटो. याला काय म्हणायचं.

म्हणून ताऱ्याचं ग्रँट सुटं घेऊच नये, कितीही ओळखीचा डीलर असो. नाणं म्हणून पाच, विकत घेण्याचा अनुभव म्हणून दोन.

स्लॅबचा विषय निघालाच आहे तर सेवेबद्दलही बोलतो. पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून हे ग्रेडिंगचं काम करतात, १ ते ७० अशी पट्टी, नाणं तपासून प्लास्टिकमध्ये सीलबंद करून वर लेबल. तारा, २★४, २×२, छोटं १९३४ या सगळ्या मान्य व्हरायटी आहेत त्यामुळे लेबलवर येतात. स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, बऱ्याच नाण्यांचे फोटोही असतात, फोटोतलं नाणं आणि हातातलं नाणं एकच आहे का हे डाग जुळवून बघायचं, कारण आता स्लॅबसुद्धा नकली येतात, नंबर खरा आणि डबी खोटी असा प्रकार. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि लोक ते करत नाहीत. वर सीएसी या तपासणी कंपनीचा हिरवा स्टिकर असेल तर त्याचा अर्थ त्या ग्रेडमध्ये नाणं दमदार आहे असं आणखी एका जाणकाराने बघून सांगितलंय, त्याचे जास्त पैसे मोजावे लागतात. मी सरसकट मोजत नाही. ग्रँटसाठी मोजीन, कोलंबससाठी कशाला.

मात्र ग्रेडिंगला देऊन भाव वाढेल आणि आपण मालामाल होऊ असं कुणी सांगत असेल तर त्याला १९८९ ची आठवण करून द्या. तेव्हा स्लॅबमधल्या स्मारक नाण्यांवर गुंतवणूकवाल्यांच्या उड्या पडल्या, भाव आभाळाला भिडले आणि पुढच्या वर्षात असे आपटले की त्यातल्या बऱ्याच नाण्यांनी तो आकडा परत बघितलेला नाही. आज खरेदीदाराच्या दृष्टीने हे उत्तमच आहे म्हणा, इतक्या कमी संख्येची शंभरी गाठलेली चांदीची नाणी इतक्या आवाक्यात दुसरीकडे मिळत नाहीत. पण हौस म्हणून घ्या.

बूनबद्दल लवकर आटपतो. डॅनियल बूनचा जन्म १७३४ चा, म्हणून १९३४ ला द्विशताब्दीचा हाफ डॉलर आला, इथपर्यंत ठीक. मग १९३५ मध्येही काढला. मग कुणाच्यातरी लक्षात आलं की द्विशताब्दीचं साल तर १९३४ होतं, म्हणून १९३५ च्याच नाण्यावर मागे आणखी एक छोटं १९३४ टाकून परत काढला. फिलाडेल्फियाचे १०,००८, पण डेन्व्हरचे फक्त २,००३ आणि सॅन फ्रान्सिस्कोचे २,००४. ही डी (डेन्व्हर) आणि एस (सॅन फ्रान्सिस्को) ची जोडी ३.७० डॉलरला जाहीर झाली, बघता बघता संपल्याचं सांगण्यात आलं, लोकांची बोंबाबोंब, बाजारात भाव कुठच्या कुठे, आणि त्यातूनच १९३६ ची ती वेडी लाट आली जेव्हा कुठल्याही गावाच्या कुठल्याही निमित्ताला नाणी निघायला लागली. सिनसिनाटीच्या नाण्याचं निमित्त तर आजपर्यंत कुणाला धड पटलेलं नाही. अर्कान्सा, टेक्सास, ओरेगॉन ट्रेल यांनी वर्षानुवर्षं तीन तीन मिंटची नाणी काढत ग्राहकांना पिळलं. शेवटी १९३९ मध्ये काँग्रेसने हे सगळं बंद केलं, नंतर युद्धानंतर थोडीफार आली तेवढीच.

तर बूनच्या जोडीत दाखवण्यासारखं काय आहे? एक छोटा आकडा. 'पायोनियर इयर' या शब्दांच्या वर, भिंगाशिवायही दिसतो. संख्या खरंच कमी आहे, आकडा उठावाचा असल्याने साध्या नाण्यावर वाढवणं अवघड, पण मिंटमार्क नीट बघा कारण छोटं १९३४ फिलाडेल्फियाच्या स्वस्त नाण्यावरही आहे, फरक फक्त त्या एका डी किंवा एस चा. १४४ चा सेट करणाऱ्याला पर्याय नाही, त्याला घ्यावीच लागते. बाकीच्यांनी तेवढ्या पैशात १९२५ चा फोर्ट व्हँकुव्हर घ्यावा. तोही लॉरा फ्रेझरचाच, पाडला सॅन फ्रान्सिस्कोला पण एस टाकायचाच राहून गेला, सगळ्याच्या सगळ्या नाण्यांवर! ही खरी चूक, कुणी विकण्यासाठी केलेली नाही, उरलेली नाणी १५ हजारांच्या आत, आणि सगळ्यांवरच नसल्यामुळे तिला कुणी व्हरायटी म्हणत नाही. मला हे नाणं बूनच्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त आवडतं.

स्टोन माउंटनच्या ठोकलेल्या नाण्यांबद्दल लोक विचारतात. १९२५ चा हाफ डॉलर, गुट्झन बोर्गलम, तोच ज्याने पुढे माउंट रशमोर कोरला. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या कॉन्फेडरेट दक्षिणेचे सेनापती ली आणि जॅक्सन यांचं स्मारक, म्हणजे विषयच आज अनेकांना नकोसा वाटतो आणि ते समजण्यासारखं आहे. २३ लाख पाडली, १० लाखांच्या आसपास वितळली, त्यामुळे साधं नाणं स्वस्त. पण त्यांच्या संस्थेने काही नाण्यांवर राज्याची अक्षरं आणि नंबर ठोकून ती लिलावात चढ्या भावाने विकली, त्यांचे संग्राहक वेगळेच आहेत, भाव साध्याच्या अनेक पट. अडचण अशी की हे ठोके मिंटने मारलेले नाहीत, त्यामुळे मिंटच्या डायशी जुळवून बघता येत नाही, ग्रँटच्या ताऱ्यात निदान मागची सपाट जागा बोलते, इथे खऱ्या नाण्यावरही ठोकाच आहे! कागदपत्रं सोबत असतील तर बघा, नसतील तर नमस्कार. पाचात दोन, तेही संशोधन करणाऱ्यांसाठी.

आणि आता लाफायेत. ज्याच्यासाठी एवढं सगळं टाइप केलं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या फ्रेंच सेनानी लाफायेतचा घोड्यावरचा पुतळा फ्रान्सला भेट द्यायचा होता, वर्गणी शाळकरी मुलांकडून, आणि वरचा खर्च काढायला हा डॉलर. अमेरिकेचा पहिला स्मारक डॉलर, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा चेहरा असलेलं त्यांचं पहिलं नाणं, पुढे वॉशिंग्टन आणि लाफायेत एकाला चिकटून एक. नाण्यावर साल १९०० पण पाडली सगळी १४ डिसेंबर १८९९ ला, वॉशिंग्टनच्या मृत्यूला बरोब्बर १०० वर्षं झाली त्या दिवशी. ५०,०००, वर तपासणीसाठी २६. दोन डॉलरला विकली, १४,००० पुढे वितळली.

आता गंमत. डायवरची अक्षरं हाताने ठोकलेली होती, त्यामुळे प्रत्येक डाय किंचित वेगळा. मागच्या बाजूला पुतळ्याखाली एक पामची फांदी आहे, तिची पानं मोजा. काही नाण्यांवर १४, काहींवर १५. देठ कुठे आखूड, कुठे लांब, कुठे किंचित वाकलेला. पुढच्या बाजूला 'अमेरिका' मधला शेवटचा ए दोनदा ठोकल्यासारखा दिसतो काहींत, 'स्टेट्स' मधला एखादा अक्षर वर उचललेला दिसतो काहींत. पुढच्या आणि मागच्या डायच्या अशा जोड्या वेगवेगळ्या बनतात, आणि त्यातल्या काही जोड्या इतरांपेक्षा बऱ्याच कमी दिसतात. हे कुणी विकायला केलेलं नाही! एका दिवसात ५० हजार डॉलर पाडताना कारागिरांच्या हातून जे झालं ते तसंच राहिलं, आणि गिऱ्हाइकाला तेव्हा पत्ताही नव्हता. बऱ्याच स्लॅबवर डायची जोडी लिहिलेलीच नसते, नुसतं 'लाफायेत डॉलर' आणि ग्रेड, त्यामुळे कॉइन शोमध्ये एकाच भावाच्या चार स्लॅबमधून तुम्ही भिंग लावून कमी दिसणारी जोडी उचलू शकता आणि विकणाऱ्याला एक सेंटही जास्त द्यावा लागत नाही. मी असंच एका शोमध्ये ट्रेच्या ट्रे पालथे घातले, पानं मोजत बसलो, शेजारचा माणूस विचारतो काय शोधताय, म्हटलं पानं. १५ पानांचं, आखूड देठाचं मिळालं, एयू ५८ (म्हणजे जेमतेम वापरलेलं), वॉशिंग्टनच्या गालाच्या हाडावर हलकी झीज पण पार्श्वभूमी अजून चमकती.

तोटेही सांगतो. नाणं मुळात महाग आहे, व्हरायटी असो नसो. उठाव इतका सपाट आहे की डिझाइन करणाऱ्या चार्ल्स बार्बरने कंटाळून केलंय की काय असं वाटतं. मिंटमध्येच नाणी एकमेकांवर आदळल्यामुळे गालावर ओरखडे असतातच, आणि पॉलिश करून 'नवं' केलेली इतकी आहेत की अति पांढरं, सगळीकडून सारखं चमकणारं दिसलं की मी ट्रे पुढे सरकवतो. खऱ्या चकाकीची पट्टी नाणं कलतं केलं की फिरते, घासलेल्याची जागेवरच राहते. पण विकत घेताना आणि घेतल्यावरही करायला काहीतरी शिल्लक राहणारं या सिरीजमधलं माझ्या माहितीत हेच एक नाणं, त्यामुळे पाचात पाच, ओरखड्यांसकट.

कॉइन शोला जाताना दहा पटीचं भिंग न्या, वीस पटीचं नको, त्यात एकाच अक्षराचं डोंगर दिसतं आणि नाणं हरवतं. पेनासारखा छोटा टॉर्चही न्या कारण टेबलावरच्या दिव्यांचा कोन आपल्या हातात नसतो. सुटं नाणं बघायला मागितलंत तर कडेने धरा, खाली मऊ कापडाचा ट्रे असू द्या. आणि मिझुरी साधं, एमएस ६४ किंवा वरचं, खांद्यावर चकाकी असलेलं कुठे दिसलं तर खाली कमेंटमध्ये कळवा, भाव कितीही असो, निदान बघायला तरी येतो.